मंजुश्रीचा डेपो

आमची मंजुश्री पायलट झाली तेव्हा सगळ्या गल्लीनं मला एकच प्रश्न विचारला, "पोस्टिंग कुठं?"

लातुरात पोरगं तलाठी होवो नाहीतर कलेक्टर, पेढा तोंडात जायच्या आधी हा प्रश्न येतोच. नोकरी लागणं ही निम्मी बातमी. ती घरापासून किती लांब लागली, ही उरलेली निम्मी. 'गडचिरोलीला' असं सांगितलं की पेढा घेणारा माणूस आवाज खाली आणतो, 'होईल हो बदली' म्हणतो आणि दुसरा पेढा घेत नाही. त्यामुळं मीही पुडा खाली ठेवला आणि मंजूला हैदराबादला फोन लावला.

"अप्पा, पोस्टिंग नाही, बेस म्हणतात त्याला," ती म्हणाली. "तो अजून ठरायचाय."

"बेस म्हणजे डेपोच ना?"

"हाव. डेपोच समजा."

मग तर बोलणंच खुंटलं, कारण डेपो हा माझा विषय. मी एस.टी.त होतो, अहमदपूरला कंट्रोलर म्हणून निवृत्त झालो. कोणत्या ड्रायव्हरला कोणती गाडी द्यायची हे ठरवण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. सेवाज्येष्ठता या शब्दावर मी ड्रायव्हर लोकांच्या जितक्या शिव्या खाल्ल्या, तितक्या गव्हाच्या पोळ्याही खाल्ल्या नसतील. जुना ड्रायव्हर पुण्याची गाडी घेणार, आणि नवा पोरगा देवणीकडच्या एखाद्या खेड्यात मुक्कामी गाडी नेऊन डासांना रक्तदान करणार, हा सृष्टीचा नियम. आता विमान म्हणजे तरी काय? खाली चाकं, मध्ये शिटा, पुढं ड्रायव्हर. तिकीट तेवढं महाग.

मंजूनं सगळं नीट समजावून सांगितलं. तिची कंपनी छोटी, नीलपंख नावाची, पंख्याची विमानं चालवणारी. मंजूच्या तुकडीत आठ जण. सगळे एकाच दिवशी रुजू झाले, त्यामुळं कंपनीनं जन्मतारखेवरून नंबर लावले. वयानं मोठा तो वर. वरच्यानं आधी जागा निवडायची, मग त्याच्या खालच्यानं. हैदराबादला पाच जागा, बेळगावला एक आणि नांदेडला दोन.

"नांदेडला?" मी खुर्चीतून उठलोच. लातूर-नांदेड म्हणजे एस.टी.नं तीन तास. माझा तर निवृत्ताचा पास. "मग तुझा नंबर कितवा?"

"शेवटचा. मी सगळ्यांत लहान आहे ना."

आमच्या हालगे घराण्यात आजवर कुणाचा शेवटचा नंबर आला नव्हता. म्हणजे आला असेल, पण असा लेखी नाही.

"अप्पा, तुम्ही काही करू नका हं," मंजू म्हणाली. "ते आपोआप होणार आहे. आईला द्या फोन."

मी फोन महानंदाकडे दिला. ती तो घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि मायलेकी फोनवर बराच वेळ कुजबुजत आणि हसत होत्या. कशाला हसताय असं विचारायला गेलो, तर महानंदानं माझ्या हातात निवडायची मेथी दिली.

आता निवृत्त माणसाला 'काही करू नका' असं सांगणं म्हणजे रिकाम्या बैलाला कडब्याची गंजी दाखवून 'बघू नको' म्हणण्यासारखं आहे. मेथी निवडून होताच मी बाहेर पडलो.

आमच्या शेजारी ईश्वरप्पा राहतात. त्यांचं अडतीचं दुकान आहे. तुरीचा भाव उद्या काय निघेल हे ते आज सांगतात आणि परवा तो का निघाला नाही हेही सांगतात. ओट्यावर आमचे शेषेराव गुरुजीही बसले होते. गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक. गल्लीतल्या निम्म्या लोकांना त्यांनी शाळेत घातलं आणि उरलेल्या निम्म्यांना शाळेतून काढलं.

मी प्रश्न मांडला. ईश्वरप्पांनी डोळे मिटून ऐकला.

"रामलिंगप्पा," ते म्हणाले, "आठात आठवा नंबर म्हणजे नांदेड गेलंच की हातचं. वरचे सात जण काय येडे हायत का नांदेड सोडायला? गोदावरी हाय, गुरुद्वारा हाय, रेल्वे हाय. लई गर्दी पडणार नांदेडवर."

एरवी हेच ईश्वरप्पा आयुक्तालय लातूरला की नांदेडला हा विषय निघाला की नांदेडचं नाव घेताना पानाची पिंक टाकतात. पण बेळगाव-हैदराबाद समोर आलं की नांदेड आपलं होतं. माणसाची भावकी अशी प्रसंगानुसार लांब-जवळ होते.

"वशिला लागंल," ईश्वरप्पांनी निकाल दिला. "आमच्या साडूचे व्याही एका पुढाऱ्याच्या ऑफिसात बसतेत. शिफारस आणून देतो. तुम्ही निवांत ऱ्हावा."

मी तीन-चार दिवस निवांत राहिलो. पाचव्या दिवशी मंजूचा फोन आला. आवाज असा, की मी फोन कानापासून जरा लांब धरला.

"अप्पा, माझं लग्न कधी झालं?"

"आं?"

"ऑफिसातल्या मॅडमनी बोलावून माझं अभिनंदन केलं. लग्न झाल्याचं कंपनीला का कळवलं नाही म्हणून विचारलं. तुकडीतली सगळी पार्टी मागून राहिलीत!"

चौकशीअंती प्रकार असा निघाला. ईश्वरप्पांच्या साडूच्या व्याह्यांना विमान कंपनीला शिफारस लिहायचा सराव नव्हता. त्यांच्याकडं एक तयार मसुदा होता, त्यात त्यांनी नाव तेवढं बदललं. त्यामुळं नीलपंख कंपनीला कळवण्यात आलं, की श्रीमती मंजुश्री रामलिंग हालगे यांच्या घरी वयोवृद्ध सासू-सासरे असल्यानं पती-पत्नी एकत्रीकरणाखाली त्यांना नांदेड येथील रिक्त अंगणवाडीवर सामावून घ्यावं.

"अंगणवाडीवर, अप्पा!"

"काम झालं असतं तर तूच..." असं मी म्हणायला लागलो, पण तिकडून फोन बंद झाला होता.

ईश्वरप्पांना सांगितलं तर ते म्हणाले, "पण पत्र पोचलं का न्हाई? मग! लोकांची पत्रं पोचतसुद्धा न्हाईत."

आता गुरुजींची पाळी. त्यांचं म्हणणं, वशिला हा अडाणी मार्ग. सरळ मुळावर घाव घालावा. नंबर कशावरून लागलाय? जन्मतारखेवरून. मग जन्मतारीख बदलावी.

"पोरीला दोन वर्षांनी मोठी करा," गुरुजी खडू हातात असल्यासारखी बोटं हलवत म्हणाले. "आठवीची तिसरी होईल. मी हयातभर हेच केलंय. माझ्या शाळेतली सगळी पोरं एक जूनला जन्मलेली. कोण मोठं, कोण लहान, भांडणच नाही."

"पण गुरुजी, मंजूचा जन्म दवाखान्यातला. नोंद पक्की आहे."

"मग नगरपालिकेत जाऊन विचारा. विचारायला काय जातंय?"

विचारायला काय जातं ते मला तिथं गेल्यावर कळलं. आमची नगरपालिका आता महानगरपालिका झाली आहे, त्यामुळं पूर्वी एका खिडकीवर होणारा अपमान आता तीन खिडक्यांवर होतो. तिसऱ्या खिडकीत एक तरुण कारकून होता. मी घसा साफ करून म्हणालो, "मुलीच्या जन्मतारखेत जरा दुरुस्ती पाहिजे होती."

"वय कमी करायचंय?" त्यानं वर न बघताच विचारलं.

"नाही. वाढवायचंय."

आता त्यानं वर पाहिलं. चष्मा काढून, पुसून, पुन्हा लावून पाहिलं.

"काका, पोरीचं वय कमी करून मागणारे रोज येतेत. वाढवून मागणारा बाप मी पयल्यांदा बघून राहिलो." मग त्याचा चेहरा एकदम कडक झाला. "लग्नाचं वय भरत न्हाई का तिचं? अं? कुठं ठरवलंय लग्न?"

मागच्या रांगेतल्या बाया माझ्याकडं पाहायला लागल्या. एक जण मोठ्यानं म्हणाली, "बापासारखा बाप दिसतोय की, आन् काय करून राहिलाय बघा."

"अहो, ती पायलट आहे!" मी म्हणालो.

"इतकी ल्हान पोरगी पायलट?" कारकून म्हणाला. "बसा काका तुम्ही इथंच. मी साहेबांना बोलावतो."

आयुष्यात मी पुष्कळ वेळा धावत्या एस.टी.तून उतरलो आहे, पण महानगरपालिकेच्या जिन्यावरून त्या दिवशी उतरलो तसा कधीच नाही. घरी येऊन महानंदाला काही सांगितलं नाही. तिला ते संध्याकाळपर्यंत भाजीवालीकडून कळलं.

"तुम्हाला पोरगी काय म्हणाली होती?" तिनं विचारलं.

"काही करू नका म्हणाली होती."

"मग?"

मी पेपर तोंडासमोर धरला.

असा मी सगळ्या बाजूंनी शांत झालो होतो. तेवढ्यात मंजूला दोन दिवस जोडून सुट्टी मिळाली आणि ती तुकडीतल्या दोघांना घेऊन घरी आली. एक आदिनाथ, सांगलीकडचा, तुकडीत वयानं सगळ्यांत मोठा, म्हणजे पहिला नंबर. आधी कुठल्या कारखान्यात इंजिनीअर होता, ते सोडून विमानाकडं आलेला. शांत मुलगा, आणि जेवणारा. दुसरी साक्षी, नाशिकची, नंबर दोन. आदिनाथच्याच गाडीतून तिघं उदगीरमार्गे आली.

महानंदानं स्वयंपाक मांडला होता. ज्वारीच्या कडक भाकरी, भरलं वांगं, शेंगाची चटणी, शेंगाची पोळी, आणि हुग्गी म्हणजे गव्हाची गुळातली खीर, वर तुपाची धार. आदिनाथ पहिली दहा मिनिटं काही बोललाच नाही. मला असा माणूस आवडतो. मग मी सहज म्हणालो, "काय मग, नांदेडसाठी तुमच्यात फारच चुरस असेल?"

आदिनाथ हसला. "नाही हो काका. खरं सांगू का? आमच्यात नांदेड कुणालाच नकोय. सगळे म्हणतात, नांदेड म्हणजे शिक्षा."

"आदिनाथ, वांगं घे ना," मंजू घाईनं म्हणाली. "अप्पा, त्याला वांगं वाढा."

मी वांगं वाढलं नाही. हातात पळी तशीच धरून मी विचारलं, "शिक्षा?"

"म्हणजे तिथं करायचं काय, असं म्हणतात हो सगळे," साक्षी म्हणाली.

आता इथं एखादा हुशार बाप असता तर त्याच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला असता. माझ्याही डोक्यात काहीतरी पडलं, पण तो प्रकाश नव्हता. नांदेड म्हणजे शिक्षा! मराठवाड्याच्या मातीत बसून, मराठवाड्याची हुग्गी खात खात! मी पळी खाली ठेवली.

"उद्या सकाळी तयार राहा," मी म्हणालो. "मी नांदेड दाखवतो."

"अप्पा, ऊन लई आहे," मंजू म्हणाली.

"अहो, लेकरं थकून आलीत. राहू द्या," महानंदा म्हणाली, आणि तिनं माझ्याकडं असं पाहिलं, की लग्नाला इतकी वर्षं झालेल्या माणसाला त्याचा अर्थ कळायलाच हवा होता. मला वाटलं, तिला डबा करायचा कंटाळा आलाय.

दुसऱ्या दिवशी मी आदिनाथच्या शेजारी पुढच्या शिटावर बसलो आणि अहमदपूर मागं पडायच्या आधी सुरू झालो. माझा घसा चांगला आहे. गुरुद्वाऱ्यात त्यांना नेलं, लंगरात जेवू घातलं. साक्षी म्हणाली, "काका, इथं किती शांत वाटतं." मी म्हणालो, "हे तर काहीच नाही." विष्णुपुरीला नेलं. धरण भरलेलं, पाण्यावरून वारा येत होता, पलीकडं बगळे उतरत होते. आदिनाथ बराच वेळ कठड्याला टेकून उभा होता. मी त्याला गोदावरीचा उगमापासून इतिहास सांगितला. मंजू मागं उभी राहून मला खुणा करत होती. मला वाटलं तिला तहान लागलीय. मी पाण्याची बाटली दिली.

मग मला आणखी एक कल्पना सुचली. माझा एक जुना ड्रायव्हर, भुजंग, निवृत्त होऊन नांदेडात स्थायिक झालाय. त्याचा वरचा मजला रिकामा होता. मी सगळी फौज तिकडं नेली.

"साहेब, तुम्ही!" भुजंगनं जुन्या सवयीनं सलाम ठोकला आणि सगळ्यांना वर नेऊन खिडक्या उघडून दाखवल्या. "ह्यो बघा वारा. हितून इमानतळ धा मिन्टं. गाडीला किक मारली की चहा निवायच्या आत पोचताव."

"दहा मिनिटं?" साक्षी म्हणाली. "हैदराबादला मला दीड तास लागतो. निम्मं आयुष्य सिग्नलला जातं."

"पलीकडं आमच्या भावाचीबी खोली रिकामी हाय, ताई," भुजंग म्हणाला.

मंजू जिन्याच्या पायरीवर जाऊन बसली आणि तिनं दोन्ही हातांत डोकं धरलं. ऊन लागलं असणार. मी म्हणालोच होतो, टोपी घे.

परत येताना आदिनाथ म्हणाला, "काका, नांदेडबद्दल माझा फारच गैरसमज होता."

मी खिडकीबाहेर पाहत मान हलवली. मराठवाड्याची अब्रू एका दिवसात भरून काढल्यावर माणसानं फार बोलू नये.

लेकरं हैदराबादला परतायला निघाली तेव्हा मी मंजूला विचारलं, "काय गं, गप्प गप्प का?"

"काही नाही अप्पा. नांदेड छान दाखवलंत तुम्ही. जरा जास्तच छान."

आठवड्यानं जागावाटप झालं. मंजूचा फोन आला तेव्हा मी आणि महानंदा दोघंही तिथंच होतो, म्हणून मी तो स्पीकरवर टाकला. ईश्वरप्पा आणि गुरुजी बाहेर ओट्यावर कान देऊन बसले होते.

"अप्पा," मंजू म्हणाली, "हैदराबाद."

मला आधी नीट कळलं नाही. "नांदेड कुणी घेतलं?"

"पहिल्या नंबरनं आदिनाथनं. दुसऱ्या नंबरनं साक्षीनं. दोघांनी नांदेड म्हटल्यावर ऑफिसातल्या मॅडमनी पुन्हा विचारलं, चुकून तर नाही ना म्हणालात? बेळगाव बेळगावकडच्याच मुलानं घेतलं. हैदराबादच्या पाच जागा उरलेल्या पाच जणांना, त्यातली शेवटची मला."

"अरेरे! शेवटचा नंबर नडला बघ."

महानंदानं माझ्या हातातून फोन काढून घेतला, मंजूला "नंतर बोलते गं" म्हणाली, आणि समोर पाटावर बसली.

"अहो, शेवटच्याला काय मिळतं?"

"उरलेलं मिळतं."

"आणि कुणालाच नको ते काय उरणार होतं?"

मी बोटांवर नंबर मोजायला लागलो आणि आठव्या बोटावर अडकलो.

"जन्मभर नव्या पोरांच्या गळ्यात मुक्कामी गाडी कशी मारत होतात तुम्ही? जुन्यांनी नको म्हटली की शेवटच्याला जातीच ना? पोरीनं पहिल्याच दिवशी मला सांगितलं होतं, आई, मी शेवटची आहे, नांदेड मलाच पडणार, अप्पांना सांगू नको, ऑर्डर घेऊन दारात येऊन उभी राहते. तुमचं तोंड बघायचं होतं तिला."

आता माझं तोंड बघण्यासारखंच झालं होतं, पण बघायला मंजू नव्हती.

"मला आधी सांगायचं नाही का?"

"किती वेळा सांगितलं! डोळ्यांनी सांगितलं, कोपरानं सांगितलं. तुम्ही पोरीला पाण्याची बाटली देत होतात म्हणे."

त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. पोरगी दारात येऊन उभी राहणार होती, आणि मी स्वतःच्या हातानं, स्वतःच्या तोंडानं, लंगरात जेवू घालून तिला हैदराबादला पाठवून बसलो होतो. मी मंजूला फोन केला.

"अप्पा, जाऊ द्या हो," तीच म्हणाली. "हैदराबादसाठी लोक देव पाण्यात घालतात. आणि विष्णुपुरीला तुम्ही गोदावरीचं इतकं सांगत होतात, की मध्येच मलासुद्धा वाटलं, गप्प बसावं आणि ऐकावं." मग ती हसली. हसताना तिचा आवाज जरा ओला लागला, पण फोनचं काही सांगता येत नाही.

इकडं बाहेर भलतंच घडलं होतं. ईश्वरप्पांनी ओट्यावरून फक्त तीन तुकडे ऐकले होते, 'शेवटचा नंबर', 'हैदराबाद' आणि 'दोघांनी नांदेड'. त्यांनी दहा मिनिटांत गल्ली जमवली. नारळ आला, हार आला.

"आठवा नंबर आसताना हैदराबाद!" ईश्वरप्पा माझ्या गळ्यात हार घालत म्हणाले. "मानलं बुवा रामलिंगप्पा. वरचे दोघं कसे नांदेडला ढकलले हो?"

"मी काही केलं नाही," मी म्हणालो. आयुष्यात इतकं खरं आणि इतकं खोटं वाक्य मी एका वेळी बोललो नव्हतो.

"हा मोठेपणा!" गुरुजी सगळ्यांकडं वळून म्हणाले. "काम करतो आणि नाव घेत नाही."

ईश्वरप्पांनी आपल्या साडूच्या व्याह्यांनाही एक हार पाठवून दिला. तेव्हापासून माझी गल्लीत वेगळीच कीर्ती झाली आहे. मागच्या महिन्यात एक जण पोराची परभणीहून बदली करून द्या म्हणून आला होता. मी त्याला हात जोडले, तर तो म्हणाला, "तुमचा भाव काय आसंल तो सांगा की." मी अपमान गिळून त्याला चहा पाजला.

हळूहळू सगळं अंगवळणी पडलं. आदिनाथ भुजंगच्या वरच्या मजल्यावर राहतो आणि सुट्टी मिळाली की गाडी काढून आमच्याकडं जेवायला येतो. महानंदा त्याला वाढताना म्हणते, "माझ्या पोरीची जागा खाल्लीस रे बाबा, आता हुग्गी तरी पोटभर खा." तो लाजतो आणि पोटभर खातो. साक्षीनं नांदेडला आल्यावर स्कूटी घेतली आणि ती रोज विष्णुपुरीला वारा खायला जाते. मी ज्या ज्या जागा दाखवल्या त्या सगळ्या जागांचा त्या दोघांनी अगदी पुरेपूर उपयोग करून घेतला. मंजूचं विमान हैदराबादहून नांदेडला येतं, पण वीस-पंचवीस मिनिटांत परत फिरतं. त्या वेळात तिच्यासाठी धपाट्यांचा डबा आम्ही आदिनाथकडं देतो. डबा तिच्यापर्यंत जाईस्तोवर निम्मा होतो. आदिनाथ म्हणतो, तपासणीत कमी होतो.

मग परवा मंजूचा पुन्हा फोन आला.

"अप्पा, साक्षी मोठ्या कंपनीत चाललीय. नांदेडची जागा सुटतेय. आणि आता आमच्यामागं नवी तुकडी आली, त्यामुळं मी शेवटची नाही. मागितलं तर मला मिळेल."

महानंदा पोळी लाटायची थांबली. ओट्यावर ईश्वरप्पांचा खाकरा ऐकू आला. माझ्या तोंडात निदान सात-आठ सल्ले एकदम आले. ते सगळे मी गिळले. घशाला त्रास झाला.

"मंजू," मी म्हणालो, "तुला काय पाहिजे?"

तिकडून फोनवर टिचक्या मारल्याचा आवाज आला. मला वाटलं रेंज गेली.

"हॅलो?" मग ती म्हणाली. "अप्पाच बोलताय ना?"

"हाव गं. मीच हाय."

"मला विचारताय?"

"तुलाच विचारून राहिलो. सांग."

ती सावकाश बोलली. हैदराबादहून उड्डाणं जास्त मिळतात. कॅप्टन व्हायला तास भरावे लागतात, ते तिथं लवकर भरतील. तोवर तिथंच राहावं असं तिला वाटतं. नंतर नांदेडला येईन म्हणाली, डाव्या बाजूच्या, म्हणजे कॅप्टनच्या, खुर्चीत बसून.

"बरं," मी म्हणालो. "तसंच कर."

"आणि अप्पा, शुक्रवारी सकाळची नांदेडची फेरी माझी आहे. या वेळी डबा आदिनाथकडं देऊ नका. तुम्ही दोघं या. मी दारापर्यंत येते."

शुक्रवारी आम्ही पहिल्या एस.टी.नं गेलो. विमानतळाच्या दारात हैदराबादला निघालेल्या लोकांची रांग होती. त्यात एक म्हातारी, डोक्यावर पदर, हातात पिशवी, पहिल्यांदाच विमानात बसायला आलेली. आत काचेपलीकडं मंजू आली. पांढरा सदरा, खांद्यावर पट्टे, केस घट्ट बांधलेले. दारावरच्या शिपायानं डबा उघडून वास घेतला आणि आपण होऊन तिच्याकडं पोचवला. तिनं तिथंच एक धपाटा मोडून तोंडात टाकला आणि आईकडं बघून डोळे मिटले. महानंदानं पदराचं टोक डोळ्याला लावलं आणि मला म्हणाली, वारा लई हाय.

म्हातारीनं माझी बाही ओढली. "कोन हाय वो ती?"

"पायलट हाय. आमची पोरगी. तुमचं इमान तीच नेणार हाय."

म्हातारीनं मंजूला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि तिची पिशवीवरची मूठ जरा सैल झाली. "मंग बरं हाय," ती म्हणाली. "तिला सांगा बाबा, सावकाश चालव म्हनावं. मला काय घाई न्हाई."

मी आता कशातच पडायचं नाही असं ठरवलं होतं. पण म्हाताऱ्या माणसाचा निरोप पोचवणं म्हणजे काही लुडबुड नव्हे.

"मंजू!" मी काचेवर थाप मारून ओरडलो. "सावकाश गं! आजीला घाई न्हाई!"

सगळी रांग वळून बघायला लागली. महानंदानं कपाळावर हात मारला. मंजूनं तोंडातला धपाटा गिळला, ताठ उभी राहिली, आणि म्हातारीकडं बघून कडक सलाम ठोकला.